डेटा 'उडतो', 'निघतो' की 'पुनर्प्राप्त' होतो?

गेल्या आठवड्यात लॅपटॉपची हार्डडिस्क गेली. बॅकअपचं विचारू नका. पुण्यात तपकीर गल्लीजवळच्या एका दुकानात घेऊन गेलो. तिथल्या मुलाने डिस्कला करंट दिला आणि जुने घड्याळजी लावायचे तशी ती कानाला लावली. टक्, टक्, टक्, मग गप्प. "हेड गेलंय. प्लेटला ओरखडा नसेल तर निघेल डेटा." (हेड म्हणजे आतल्या फिरत्या प्लेटवर लिहिणारा-वाचणारा भाग.)

हा 'निघेल' डोक्यातून जाईना. पाटीवर 'डेटा रिकव्हरी' लिहिलेलं, पण गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघंही 'निघेल का', 'किती निघाला' असंच बोलत होते. डाग निघतो, काटा निघतो, विहिरीतला गाळ निघतो. वस्तू आत आहे, बाहेर काढायला हात हवा. डिस्कचंही तसंच आहे: हेड बिघडलं तरी प्लेटवरची चुंबकीय नोंद जागच्या जागी असते. शिवाय क्रियापद अकर्मक. 'काढून देतो' म्हटलं की जबाबदारी आली. 'निघेल' म्हटलं की सगळं डिस्कच्या नशिबावर. अस्सल दुकानदारी मराठी!

'उडाला' मात्र मला खटकतो. कापूर उडतो, रंग उडतो, मागे काही उरत नाही. फाइल डिलीट केली की फक्त नोंदवहीतलं नाव खोडलं जातं. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून जमीन हलत नाही. मात्र त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की संपलं, म्हणून अशी डिस्क वापरणं आधी थांबवायचं.

'पुनर्प्राप्ती' कुणी बोलताना ऐकलाय का?

* * *

एका वाचकाचं उत्तर: बोलताना नाही, पण लिहितानाही तो चुकतोच. पुनर्जन्म, पुनर्विवाह ठीक, कारण पुढे मृदू व्यंजन किंवा अर्धस्वर आहे. 'प' कठोर, तिथे विसर्ग राहतो: पुनःप्राप्ती. आणि 'रिकव्हरी' म्हटलं की निम्म्या लोकांना बँकेची वसुली आठवते.

तुमच्या यादीत 'बसली' घाला. घसा बसतो, धंदा बसतो, तशी डिस्कची मोटर बसते, म्हणजे प्लेट फिरतच नाही. 'जळाली' म्हणजे बहुधा खालचं सर्किट बोर्ड. तसाच दुसरा बोर्ड आणून लावला की काम झालं असं लोकांना वाटतं, पण बऱ्याच डिस्कच्या बोर्डावरच्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कची मापं असतात, ती चिपही हलवावी लागते. गेली, बसली, जळाली हे तीन वेगळे आजार आहेत, आणि आपण तिन्हीला 'करप्ट झाली' म्हणून मोकळे होतो.

* * *

दुसऱ्या वाचकाचं उत्तर: 'उडाला'वर अन्याय करू नका. एसएसडीत, म्हणजे फिरत्या प्लेटऐवजी चिपवर साठवणाऱ्या ड्राइव्हमध्ये, डिलीट केलं की बहुधा 'ट्रिम' नावाची आज्ञा जाते आणि ड्राइव्ह ती जागा आपणहून पुसून टाकते. तिथे खरंच कापरासारखा उडतो. शब्द आधी आला, तंत्रज्ञान मागून पोचलं.

आणि डेटासाठी 'विदा' हा मराठी शब्द का नाही घेतलात? विद् म्हणजे जाणणे, त्यावरून छान रुळतोय.

* * *

मूळ लेखकाचं उत्तर: 'विदा' लिहायला मलाही आवडतो, पण हिंदीत विदा म्हणजे निरोप. दुकानात 'माझा विदा गेला' म्हणायची हिंमत झाली नाही.

एसएसडीचं मान्य. माझी मात्र जुनी, अडीच इंची, मिनिटाला 5400 फेऱ्यांची. हेड प्लेटपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं, धुळीचा कण त्याहून कितीतरी मोठा. म्हणून डिस्क दुकानात न उघडता धूळमुक्त खोली असलेल्या लॅबकडे गेली. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं हेड बसवायचं, तिला म्हणतात 'डोनर'. आई म्हणाली, "रक्तगट जुळला का?" खरं तर प्रश्न बरोबर होता, नुसतं मॉडेल जुळून भागत नाही म्हणे.

काल फोन आला: "निघतोय, पण हळू." 'निघेल'चा 'निघतोय' झालाय. 'निघाला' ऐकेपर्यंत पैसे द्यायचे नाहीत, असं ठरलंय.