हसवणाऱ्या आणि गाणाऱ्या नटीला वेगळं बक्षीस हवं का?

परळची_पोर (धागाकर्ती)

गेल्या शनिवारी आमच्या ऑफिसच्या एकांकिका स्पर्धेची अंतिम फेरी झाली. आमच्या अकाउंट्समधली एक मुलगी आगाऊ शेजारीण झाली होती. पोह्यांवर लिंबू पिळता पिळता तिने एक वाक्य टाकलं आणि हॉल फुटला. हशा काही थांबेना. तर ही बया ते पिळून चोथा झालेलं लिंबू पिळतच राहिली, आणि दर पिळीला त्याच्याकडे जरा जास्त संशयाने बघत गेली. त्यावर दुसरा हशा. तो ओसरता ओसरता, अगदी नेमक्या क्षणी, पुढचं वाक्य हळूच सोडलं.

पहिलं बक्षीस कोणाला? वडिलांचा शर्ट छातीशी धरून रडणाऱ्या मुलीला. आमचीला उत्तेजनार्थ. परीक्षक म्हणाले, "छान हसवलंस, पण अभिनयाला वाव नव्हता."

घरी येईपर्यंत डोकं तापलेलं. म्हणून विचारते. हॉलिवूडच्या गोल्डन ग्लोब पुरस्कारवाल्यांनी १९५१ मध्ये अभिनेत्रीचा पुरस्कार दोन भागांत केला, गंभीर चित्रपटासाठी एक आणि विनोदी किंवा संगीतमय चित्रपटासाठी एक. पहिल्याच वर्षी 'सनसेट बुलेव्हार्ड'साठी ग्लोरिया स्वॉन्सनला गंभीरचा मिळाला आणि 'बॉर्न यस्टरडे'साठी जुडी हॉलिडेला विनोदीचा. दोघींची कामं दोन टोकांची, दोघींना न्याय. आपल्याकडे हे का नको?

डबा_लोकलचा

ताई, उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. त्याच वर्षी ऑस्करला एकच पुरस्कार होता. समोर स्वॉन्सन आणि बेटी डेव्हिस, आणि जिंकली कोण? जुडी हॉलिडे. विनोदी भूमिकेसाठी, एकाच पंगतीत बसून. वेगळी पंगत मांडली की वाढपी तिकडे उशिराच येतो.

आपल्याकडेही रेखा ('खूबसूरत', १९८०), श्रीदेवी ('चालबाज', १९८९) आणि जुही चावला ('हम हैं राही प्यार के', १९९३) या तिघी फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचाच पुरस्कार घेऊन गेल्या. त्याआधी 'सीता और गीता'साठी हेमामालिनी. कुठे अडलं?

परळची_पोर

'सीता और गीता' आणि 'चालबाज' दोन्ही दुहेरी भूमिका आहेत, भाऊ. एक बहीण मार खाऊन रडते, दुसरी धमाल करते. नुसती पंख्यावर चढून बसलेली गीता असती तर फिल्मफेअरची बाहुली मिळाली असती? मला शंका आहे. रडण्याचा कोटा भरला म्हणून हसण्याला पास केलं.

डबा_लोकलचा

आणि 'खूबसूरत'मधली रेखा? तिथे कुठे जुळी बहीण आहे? हा कोट्याचा हिशोब तुम्ही घरी बसून लावलाय.

चिवडा_पार्सल

खूबसूरतवरून आठवलं. फिल्मफेअरला विनोदी भूमिकेचा पुरस्कार १९६७ पासून होताच की. पहिला महमूदला. पुढे ओम प्रकाश, जॉनी वॉकर, उत्पल दत्त, देवेन वर्मा, नंतर जॉनी लिव्हर, परेश रावल. कागदावर बाईला बंदी नव्हती, पण नावं वाचून बघा. 'खूबसूरत'लाही तो गेला केश्टो मुखर्जींना. म्हणजे घरभर धुमाकूळ घातला रेखाने आणि 'विनोदी' शिक्का बसला केश्टोंवर! याचा अर्थ काय लावायचा ते तुम्ही ठरवा. माझ्या मते नायिका विनोद करते तेव्हा त्याला आपण गोडवा म्हणतो, चुलबुलेपणा म्हणतो, विनोद म्हणत नाही.

खलनायकाच्या पुरस्काराची गंमत वेगळी. तो १९९२ ला सुरू झाला आणि त्यात 'गुप्त'साठी काजोल आणि 'ऐतराज'साठी प्रियांका घुसल्या. दुष्टपणात बाई पटकन दिसते.

गिरगावचा_म्हातारा

विनोदी नटी टुणटुणचं नाव अजून कोणी काढलं नाही? तिचा पडद्यावरचा जम बसला पन्नाशीच्या दशकात आणि विनोदाचा पुरस्कार सुरू झाला १९६७ ला. ऐन बहरात तिच्यासाठी खणच नव्हता. आणि ती गायिका, बरं का. 'दर्द'मधलं 'अफसाना लिख रही हूँ' १९४७ चं, उमादेवी नावाने तिनेच गायलेलं. विनोदी आणि संगीतमय, दोन्ही एका बाईत.

पण मुली, तुझं 'संगीतमय' माझ्या गळी उतरत नाही. फिल्मफेअरचा पहिला सोहळा १९५४ मध्ये आपल्या धोबीतलावच्या मेट्रोत झाला. पहिली सर्वोत्कृष्ट अभिनेत्री मीनाकुमारी, 'बैजू बावरा'साठी. आता याहून संगीतमय काय हवं? पण गळा लताबाईंचा. त्या गळ्याला वेगळा पुरस्कारच नव्हता. लताबाईंनी हट्ट धरला, तेव्हा कुठे १९५९ पासून पार्श्वगायनाचा सुरू झाला, पहिला 'आजा रे परदेसी'ला. आपल्याकडे गाणारी एक आणि ओठ हलवणारी दुसरी, आणि बहुतेक सगळ्याच चित्रपटांत गाणी. कोणाला संगीतमय म्हणणार आणि कोणाला वगळणार?

परळची_पोर

काका, तिकडेही गळा उसना असायचाच. 'माय फेअर लेडी'त ऑड्री हेपबर्नची बहुतेक गाणी मार्नी निक्सनने गायली. गोल्डन ग्लोबला मात्र बाजी मारली ज्युली अँड्र्यूजने, 'मेरी पॉपिन्स'साठी. ती स्वतः गाणारी.

शिवाय गाणं म्हणजे नुसता गळा नाही. 'तेजाब'चं 'एक दो तीन' घ्या. त्या गाण्यामुळे फिल्मफेअरने नृत्यदिग्दर्शनाचा पुरस्कार सुरू केला, पहिला सरोज खानना. योग्यच. पण त्या वर्षी अभिनेत्रीचा गेला रेखाकडे, 'खून भरी माँग'साठी. ज्या चेहऱ्याने आणि कमरेने ते गाणं उभं केलं, त्या माधुरीला नुसतं नामांकन. तीन मिनिटं श्वास न तुटू देता डोळ्यांनी बोलायचं, हा अभिनय नाही?

डबा_लोकलचा

अभिनय आहेच. म्हणूनच मुख्य पुरस्कारात मोजा असं म्हणतोय. एकदा वेगळा खण केला की काय होतं माहितीय? २०१६ ला गोल्डन ग्लोबचा विनोदी-संगीतमय चित्रपट ठरला 'द मार्शियन'. मंगळावर एकटा अडकलेला माणूस बटाटे लावतोय, ही कॉमेडी! गंभीरच्या रांगेत गर्दी दिसली की निर्माते बाजूच्या रांगेत घुसतात, विरारच्या गाडीत बोरिवलीवाले चढतात तसे. तुमची शेजारीण तिथेही दारातच लटकणार.

चिवडा_पार्सल

बोरिवलीवाल्यांवर घसरायचं काम नाही. (मी बोरिवली.)

पण मुद्दा मान्य. आणि मराठीत तर आपण काय दिवे लावलेत? रंजना म्हटलं की लोक आधी तिचा गंभीर 'चानी' काढतात. 'बिनकामाचा नवरा'मधलं तिचं टायमिंग बघा एकदा. अशोक सराफ समोर असताना वाक्य हातचं जाऊ न देणं सोपं नाही.

गिरगावचा_म्हातारा

शंभर टक्के. परीक्षकच बदला, खण कितीही करा.

बाकी ती लिंबूवाली पुढच्या वर्षी आहे ना? कधी आहे ते कळव, येतो.

परळची_पोर

आहे काका. आज कॅन्टीनमध्ये भेटली. पुढच्या एकांकिकेत विधवेची भूमिका आहे म्हणाली. स्वतःहून मागून घेतली.