लॅब्राडॉरचे रक्तदान आणि आमच्या गल्लीतली कुत्री

करवीरकर (धागाकर्ता)
आयटीत काम करणाऱ्या काही मंडळींनी आपल्या पाळीव लॅब्राडॉरांचे रक्त रस्त्यावरच्या आजारी कुत्र्यांना दिले आणि अशा दात्या कुत्र्यांची नोंद ठेवणारे ॲपही तयार केले, अशी पोस्ट काल गल्लीच्या ग्रुपवर फिरत होती. सोबत गळ्यात कंपनीचे ओळखपत्र घालून लॅपटॉपसमोर बसवलेल्या कुत्र्याचा फोटो होता. एरवी असले काही वाचून मी पुढे सरकलो असतो. परंतु खाली 'अशाच प्रयत्नांतून भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सुटेल' असे वाक्य होते, आणि ते पचवणे मला जड गेले.

२०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १२ लाख ७६ हजार भटकी कुत्री मोजली गेली. कुत्रीचा गर्भकाळ जेमतेम दोन महिन्यांचा असतो आणि ती वर्षातून दोनदा विऊ शकते. रेबीजची साखळी तोडायची असेल तर ७० टक्के कुत्र्यांना लस टोचावी लागते. या आकडेमोडीत एका बाटलीभर रक्ताची जागा कोणती, हे मला कोणीतरी समजावून सांगावे. नसबंदी आणि लसीकरण ही कंटाळवाणी कामे आहेत, त्यांचे फोटो चांगले येत नाहीत, म्हणून ती कोणी करत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

रात्रपाळीवाला
तो फोटो मीच काढला होता, त्यामुळे उत्तर देणे मला भाग आहे. कोल्हापुरातल्या राजारामपुरीत एका कुत्रीला गोचिडताप झाला होता. तिचा ओठ वर करून पाहिला तेव्हा हिरड्या पांढऱ्याफटक पडलेल्या होत्या, आणि रक्त चढवल्याशिवाय ती रात्र काढणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. आमच्या लॅब्राडॉरच्या मानेवरचे केस भादरून तिथल्या शिरेतून रक्त घेतले, आणि पिशवी किती भरली हे पाहण्यासाठी ती वजनकाट्यावर ठेवली होती. तो शांतपणे आडवा पडून बिस्किटांच्या पुड्याकडे बघत होता.

ॲपची टिंगल करण्यापूर्वी ते कशासाठी आहे हे तरी समजून घ्यावे. कुत्र्याला पहिल्यांदा रक्त देताना गट जुळला नाही तरी सहसा निभावते. मात्र एकदा परके रक्त चढले की शरीरात प्रतिपिंडे तयार होतात आणि दुसऱ्या वेळी जुळणी न करता रक्त देणे जिवावर बेतू शकते. रस्त्यावरच्या कुत्र्याची फाइल कोण सांभाळतो? म्हणून कोणाला रक्त दिले आणि कोणाच्या कानाला नसबंदीची खाच आहे, हे आम्ही फोटोसह नोंदवतो. दाताही कोणताही चालत नाही. तो निरोगी, लसीकरण झालेला आणि साधारण २५ किलोंच्या वर असावा लागतो.

उचगावची सून
आपल्या लॅब्राडॉरच्या बिस्किटांचे वर्णन हृद्य आहे. माझ्या पुतण्याच्या पोटरीचा लचका कुत्र्याने तोडला तेव्हा ज्या दवाखान्यात नेले तिथे लस होती, पण जखमेत भरायचे रेबीजविरोधी सीरम नव्हते, आणि त्यासाठी त्याच्या वडिलांना गावभर धावावे लागले. तेव्हा कोणाचेही ॲप मदतीला आले नाही. रात्री दुचाकीमागे धावणाऱ्या कुत्र्यांना दारात खाऊ घालून कोण लाडावून ठेवते, याचीही एकदा नोंद ठेवावी.

मंगळवार पेठेतला
खाऊ घालणाऱ्यांवर खापर फोडण्याची आता पद्धतच पडली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात खाऊ घालण्यासाठी प्रभागवार जागा ठरवायला सांगितले; त्या जागांबाहेर रस्त्यावर खाऊ घालायला मनाई केली, पण सरसकट बंदी घातलेली नाही. आमच्या चार पोळ्यांनी कुत्री वाढत नाहीत. रविवारी अख्खे कोल्हापूर तांबड्या-पांढऱ्यावर ताव मारते आणि सोमवारी कोंडाळ्याभोवती हाडे नि आतडी पसरलेली असतात, त्यावर कुत्री पोसली जातात. त्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही, कारण तो कचरा आपल्याच घरातला असतो.

उचगावची सून
म्हणजे आता आम्ही मटणही खायचे नाही? शाकाहाराचा प्रचार करायचा असेल तर वेगळा धागा काढावा.

मंगळवार पेठेतला
मी स्वतः मटण खातो, आणि आपल्यापेक्षा जास्तच खात असेन. मी विल्हेवाटीविषयी बोलतो आहे. दुकानदाराने आतडी पोत्यात भरून ओढ्याकाठी टाकायची आणि पाहुण्यांसमोर आपण कोल्हापुरी पाहुणचाराचा टेंभा मिरवायचा, याला काही अर्थ नाही. अन्न मुबलक असेल तर दहा कुत्री नेली तरी त्यांच्या जागी दुसरी येऊन बसतात. म्हणूनच केंद्राच्या २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रे होते तिथेच परत सोडायला सांगितले आहे.

रात्रपाळीवाला
धागा मटणावर गेलेला पाहून धन्य झालो. पुतण्याचे जे झाले ते वाईटच झाले, पण त्याचा राग आमच्यावर का? सीरमचा साठा आम्ही करायचा की शासनाने?

करवीरकर
धागा माझा आहे, म्हणून मूळ मुद्द्यावर येतो. दुसऱ्यांदा रक्त देण्यातला धोका मला ठाऊक नव्हता आणि तेवढ्यापुरती आपली वही उपयोगाची आहे, असे मी मोठ्या मनाने जाहीर करतो. 'प्रश्न सुटेल' हे वाक्य मात्र मी आजही मान्य करणार नाही. कानाला खाच असलेल्या आणि नसलेल्या कुत्र्यांची गल्लीनिहाय यादी आपल्याकडे खरोखरच तयार असेल, तर ती ॲपमध्ये कुलूपबंद ठेवण्यापेक्षा महापालिकेच्या नसबंदी पथकाच्या हातात द्यावी. कोणत्या गल्लीत अजून किती माद्या बाकी आहेत, हे त्यांना त्यातूनच कळेल.

रात्रपाळीवाला
यादी छापून दिलेली आहे. 'साहेब बैठकीत आहेत' असे उत्तर मिळाले. पुढच्या खेपेला आपणही सोबत यावे. लॅब्राडॉरला आणणार नाही.

करवीरकर
येतो. फोटो काढणार नसाल तर.