यूएसबी केसमध्ये ४०९६ बाइटचा सेक्टर, एलयूकेएस पार्टिशन दिसत नाही : मदत हवी आहे

नमस्कार. नौपाड्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेचे दप्तर ज्या डेस्कटॉपवर होते त्याचा मदरबोर्ड निकामी झाला आहे. त्यातील चार टीबीची डेटा डिस्क मात्र सुस्थितीत आहे. तिच्यावर जीपीटी तक्ता (पार्टिशन कोठे आहेत याची नोंद) असून एकमेव पार्टिशन एलयूकेएस-२ ने (लिनक्समधील डिस्क कूटबद्ध करण्याची पद्धत) कूटबद्ध आहे. पासफ्रेज सचिवांना आणि मला ठाऊक आहे.

डिस्क यूएसबी केसमध्ये घालून लिनक्स लॅपटॉपला जोडली की पूर्ण डिस्क दिसते, पण पार्टिशन दिसत नाही. एफडिस्क या आज्ञेप्रमाणे लॉजिकल सेक्टर (डिस्कवरील जागा मोजण्याचे एकक) आता ४०९६ बाइटचा आहे. डेस्कटॉपमध्ये साटा पोर्टला थेट जोडलेली असताना तो ५१२ चा होता. जीपीटीचा हेडर सेक्टर क्रमांक १ वर असतो, त्यामुळे ५१२ व्या बाइटपासून लिहिलेला हेडर लिनक्सचा कर्नल आता ४०९६ व्या बाइटवर शोधत असावा. पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होत असे, म्हणजे १०,४८,५७६ व्या बाइटपासून; तेथून डिस्क थेट वाचली, तेव्हा हेक्सडंपमध्ये (बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या यादीत) 'एलयूकेएस' ही चार अक्षरे आणि लगेच पुढे बीए व बीई हे बाइट, म्हणजेच एलयूकेएस हेडरची खूण, स्पष्ट दिसले. म्हणजे डेटा जागेवर आहे.

आता लॉसेटअप या आज्ञेने तेवढा ऑफसेट देऊन केवळ वाचनासाठी लूप डिव्हाइस (डिस्कचा तेथून पुढचा भाग वेगळी डिस्क म्हणून दाखवणारे) करावे, त्यावरून आधी हेडरचा बॅकअप घ्यावा आणि मग क्रिप्टसेटअप या एलयूकेएस उघडणाऱ्या आज्ञेने तेही रीड-ओन्ली उघडावे, असा विचार आहे. पार्टिशनचा शेवट मला माहीत नाही. साइझ लिमिट न देता डिस्कच्या टोकापर्यंत लूप घेतला, तर उघडलेले डिव्हाइस मूळ पार्टिशनपेक्षा थोडे मोठे होईल. आतील ईएक्सटी-४ फाइलसिस्टीमला ते चालेल, असे मला वाटते, परंतु जाणकारांनी खात्री द्यावी. लूपचा सेक्टर ५१२ चा आहे हे स्वतंत्रपणे सांगावे लागते का?

स्टेशनजवळच्या एका दुकानदाराने डिस्क विंडोजमध्ये इनिशियलाइज करून फॉरमॅट करण्यास सांगितले, ते मी ठामपणे नाकारले. एलयूकेएस-२ मध्ये हेडरच्या दोन प्रती असल्या तरी की-स्लॉटचा (पासफ्रेजने उघडणारी किल्ली जेथे साठवलेली असते तो) भाग एकच असतो आणि तो पुसला गेला, तर पासफ्रेज असूनही पुनर्विकासासाठी लागणारी सभासदांची कागदपत्रे व सभांची इतिवृत्ते कायमची जातील.

डिस्क थेट साटा पोर्टला जोडणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे, याची मला जाणीव आहे. ठाणे किंवा कळवा परिसरात कोणाकडे असा डेस्कटॉप काही तासांसाठी उपलब्ध असल्यास कृपया कळवावे. डिस्क घेऊन मी स्वतः येईन.