मदत हवी आहे: गाठीची कड पातळ, सुई कशी घालावी?

नमस्कार मंडळी. गडचिरोलीकडचा रुग्ण, वय ५८. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात ४ सेंमीची गाठ. सीटीत ती मागून फुफ्फुसाच्या आवरणाला टेकलेली दिसते, म्हणून सोनोग्राफीखाली बायोप्सी जमेल. मध्ये हवा असती तर सोनोग्राफीत गाठ दिसली नसती आणि सीटीखाली बायोप्सीसाठी नागपूरच गाठावं लागलं असतं. आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) १.२.

अडचण अशी की मधला भाग नेक्रोटिक (मृत पेशींचा) आहे, तिथून निदान होण्याजोगं काही हाती लागत नाही. डॉप्लर सोनोग्राफीवर रक्तप्रवाह दिसतो ती जिवंत कड जेमतेम ८ मिमी, आणि १८ गेजच्या बायोप्सी गनची (स्प्रिंगवर चालणारं साधन) सुई २२ मिमी पुढे उडते. बरगडीच्या वरच्या काठाने शिरून कडेला समांतर, तिरका मार्ग कोणी घेतलाय का? की कमी झेप असलेली गन वापरावी?

क्षयाच्या कल्चरसाठी एक तुकडा सलाईनमध्ये ठेवणारच, फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात. फुफ्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साठली तर ती काढायला नळी घालायची सोय ४० किमीवर आहे, त्यामुळे लवकर सांगा.