शेतीसंरक्षण बंदूक: दर निवडणुकीला जमा करावीच लागते का? आणि परवाना मुलीच्या नावावर होतो का?

कुणगेवाली

नमस्कार मंडळी. जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं. ठाण्यात एक ऐकायला मिळतं, तहसीलमध्ये दुसरं आणि गावात तिसरंच.

माझे बाबा 72 वर्षांचे आहेत. त्यांच्या नावावर ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) एकनळी बंदूक आहे, शेतीसंरक्षणाचा परवाना. आजोबांपासून घरात आहे. दक्षिण कोकणात डोंगराला लागून आमचं भात आहे, वरच्या अंगाला काजू. शेती मीच करते, भाऊ मुंबईला नोकरीत. बंदुकीने आम्ही आजवर जनावर मारलेलं नाही. रात्री माळ्यावर बसायचं, डुकरांची चाहूल लागली की हवेत बार काढायचा, कळप पांगतो. डबे वाजवून आता ती हलतसुद्धा नाहीत.

2024 साली लोकसभेची आचारसंहिता मार्चमध्ये लागली तेव्हा बंदूक ठाण्यात गेली ती जूनमध्ये परत आली. ऑक्टोबरात विधानसभा लागली, पुन्हा जमा. ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे भात कापणीला आलेलं. एका सकाळी जाऊन बघते तर खालचा कुणगा (भाताचा तुकडा) पूर्ण लोळवलेला, बांध उकरलेला, लोंब्या चघळून चोथा चिखलात टाकलेला. बाबा बांधावर बसून राहिले, चहाला घरी आले नाहीत. आता स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांनाही तोच प्रकार.

नोटीस कधीच येत नाही. ठाण्यातून पोलीस पाटलांना फोन येतो, 'उद्या सगळ्यांनी बंदुका घेऊन या.' पावती म्हणून वहीच्या पानावर दोन ओळी. मागच्या वेळी परत मिळाली तेव्हा नळीत गंज होता आणि ठासायचा गज वाकलेला.

दुसरं म्हणजे बाबांना आता रात्री दिसत नाही. परवाना माझ्या नावावर करायचा आहे. चौकशीला गेले तर टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, 'भाऊ आहे ना तुम्हाला? त्याच्या नावे करा. बाईमाणसाला बंदूक कशाला?' माळ्यावर रात्र काढते मी, आणि बंदूक मुंबईत राहणाऱ्याच्या नावावर?

आणि एक शेवटचं. चुलतभाऊ अमेरिकेत असतो. तो म्हणतो तिकडे बंदूक हा घटनेने दिलेला हक्क आहे. आपल्या घटनेत का नाही?

---

जुना_अव्वल_कारकून

ताई, मी जिल्हाधिकारी कार्यालयात बरीच वर्षं शस्त्र परवान्याचं टेबल सांभाळलं आहे. तुमचं वाचून वाईट वाटलं, कारण यातल्या निम्म्या त्रासाचं कारण कायदा नाही, कायदा न वाचता चाललेली वहिवाट आहे.

आधी जमा करण्याचं. निवडणुकीत सरसकट सगळ्यांच्या बंदुका गोळा करा असा नियम नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2009 साली या प्रश्नावर निकाल दिला आणि निवडणूक आयोगाच्या सूचनांमध्ये त्याचाच आधार घेतला जातो. जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती बसते. तिने एकेक परवाना तपासायचा असतो: कोण जामिनावर सुटलेला आहे, कोणावर गुन्हे आहेत, कोण पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या दंगलीत होता. ज्याचं शस्त्र जमा करायचं ठरेल त्याला नोटीस द्यायची, त्याने सात दिवसांत जमा करायचं, त्याला रीतसर पावती द्यायची आणि निकाल जाहीर झाल्यावर सात दिवस उलटले की ताबडतोब शस्त्र परत करायचं. शेतात राखण करणारा, एकही गुन्हा नसलेला 72 वर्षांचा म्हातारा या यादीत कुठे बसतो, हे ज्याने बंदूक मागितली त्याने लिहून द्यायला हवं.

पण एक सांभाळा. लेखी नोटीस आली तर अडून बसू नका. तो आदेश मोडला तर गुन्हा दाखल होऊ शकतो आणि मग तेच कारण पुढे परवान्याच्या आड येतं. लढायचं ते कागदावर. आचारसंहिता लागायच्या आधीच बाबांच्या सहीने छाननी समितीकडे अर्ज टाका. सातबारा, परवान्याची प्रत, मागच्या वर्षीचे नुकसानीचे पंचनामे जोडा आणि 'शस्त्र जमा करण्यातून सूट मिळावी' असं स्पष्ट लिहा. आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. गावातल्या सगळ्या परवानाधारकांनी एकाच दिवशी अर्ज दिले तर फार बरं.

आता परवान्याचं. त्या गृहस्थांचं बोलणं कायद्यात कुठेच बसत नाही. शस्त्र नियम 2016 मधला नियम 25 बघा. परवानाधारक वारला तर वारसाला परवाना देता येतो. हयात असला तरी त्याला 70 वर्षं पूर्ण झाली किंवा शस्त्र बाळगून 25 वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो सांगेल त्या कायदेशीर वारसाला देता येतो. मुलगी वारस आहे, विषय संपला. बाबा आज हयात आहेत, सही करू शकतात, तोवर हे काम उरकून घ्या. मागे राहिलं की वारसदाखल्याच्या फेऱ्या सुरू होतात आणि बंदूक ठाण्यात गंजत पडते. भावाची ना-हरकत प्रतिज्ञापत्रावर घ्या, वैद्यकीय दाखला आणि शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागेल.

एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 13 वाचा. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याने सबळ कारण पटवून द्यावं लागतं. पण खऱ्याखुऱ्या शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना 'द्यावा' अशी कायद्याची भाषा आहे, कलम 14 मधलं नाकारण्याचं कारण नसेल तर. त्याच कलम 14 मध्ये असंही आहे की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, आणि नाकारला तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. ती मागून घ्या. कलम 18 खाली अपील आहे. तोंडी 'नाही' वर अपील होत नाही, म्हणूनच बरेच जण तोंडी 'नाही' सांगतात.

---

डोंगरपायथा

कारकूनकाकांनी बंदुकीचं सांगितलं, मी जनावराचं सांगतो, कारण माझ्या गावात दोघे जण यात अडकलेत.

बंदुकीचा परवाना म्हणजे मारायचा परवाना नव्हे. रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाचं नुकसान करत असेल तर मारायला वनखात्याची वेगळी लेखी परवानगी लागते, त्यासाठी वनक्षेत्रपालाकडे अर्ज करायचा. परवानगीने मारलं तरी ते सरकारची मालमत्ता, वनखात्याला कळवायचं, मटण घरी न्यायचं नाही. इथेच लोक फसतात. आणि गवा पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, पिकासाठी त्याच्यावर गोळी झाडायची परवानगी कायद्यात नाहीच. त्याने कितीही मळा तुडवला तरी पंचनामा आणि भरपाई एवढाच मार्ग.

ताई, तुम्ही नुसता बार काढता ते बरं करता. पण नळीत छर्रे भरून ठेवू नका. वनरक्षक आले आणि भरलेली बंदूक दिसली तर शिकारीचा संशय येतो, मग सिद्ध करत बसा. पंचनामा मात्र प्रत्येक वेळी करून घ्या, दोन गुंठे गेले तरी. तेच कागद परवान्याच्या अर्जाला उपयोगी पडतात.

---

ऑस्टिनवासी

चुलतभावाचं म्हणणं अर्धं खरं आहे. मी टेक्सासमध्ये राहतो, इथे हा विषय रोज कानावर पडतो.

शस्त्र बाळगण्याचा हक्क सांगणारी अमेरिकेची दुसरी घटनादुरुस्ती 1791 ची आहे. पण बंदूक हा व्यक्तीचा स्वतःचा हक्क आहे, मिलिशियाशी (नागरिकांच्या सैन्यदलाशी) त्याचा संबंध असलाच पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली हेलर खटल्यात सांगितलं, तेही 5 विरुद्ध 4 मतांनी. 2022 च्या ब्रुएन निकालात घराबाहेर बंदूक बाळगण्याचा हक्क मान्य झाला आणि बंदुकीवरचं बंधन देशाच्या जुन्या परंपरेत बसतं का हे बघायचं ठरलं. मग खालच्या कोर्टांत दोनशे वर्षांपूर्वीचे कायदे शोधायची धावपळ सुरू झाली. 2024 च्या रहिमी खटल्यात टेक्सासमधल्याच एका माणसावर घरगुती हिंसाचाराचा मनाई आदेश होता. अशा माणसाकडून बंदूक काढून घेता येते, असं 8 विरुद्ध 1 ने ठरलं. म्हणजे हक्क असूनही कोणाकडे असावी आणि कोणाकडे नसावी हा वाद इथेही कोर्टातच चालू आहे.

आणि तुमचा चुलतभाऊ नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर असेल तर त्यालाच इथे बंदूक विकत घेता येत नाही, राज्याचा शिकारीचा परवाना काढल्यासारखे थोडे अपवाद सोडले तर. ग्रीनकार्ड असेल तर गोष्ट वेगळी. मला दोन लहान मुलं आहेत. त्यांच्या शाळेत बंदूकधारी शिरला तर काय करायचं याची कवायत घेतात. माझी मुलगी पाच वर्षांची असताना टेबलाखाली गप्प कसं बसायचं ते घरी येऊन दाखवत होती. हा हक्क तिकडे हवा असं म्हणणाऱ्याने हे एकदा बघावं, एवढीच कळकळ आहे.

---

जुना_अव्वल_कारकून

घटनेचा प्रश्न राहिला होता. आपल्याकडे ही मागणी झालीच नाही असं नाही. 1878 च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाला निःशस्त्र केलं, त्याचा राग मोठा होता. 1931 च्या कराची काँग्रेसच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क होता, नियमांच्या अधीन राहून. डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत हरी विष्णू कामत यांनी तशी दुरुस्तीही मांडली. बाबासाहेबांनी उत्तर दिलं की असा हक्क सरसकट प्रत्येकाला देता येणार नाही, आणि दुरुस्ती पडली. फेब्रुवारी 2023 मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच म्हटलं की अमेरिकेसारखा हक्क आपल्या घटनेने कोणाला दिलेला नाही.

मला स्वतःला हे योग्य वाटतं. माझ्या टेबलावर ज्या फायली आल्या त्यात जिवाला खरा धोका असलेले थोडे आणि लग्नाच्या वरातीत मिरवायला हवी असलेले पुष्कळ होते. 2019 च्या दुरुस्तीत आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला वेगळी शिक्षा ठेवली आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं असा नियम झाला, ते बरंच झालं. पण राजकारण्यांच्या मागेपुढे फिरणाऱ्यांना पिस्तुलाचे परवाने मिळावेत आणि भाताची राखण करणाऱ्याची ठासणीची बंदूक तेवढी दर निवडणुकीला उचलून न्यावी, हे मला नोकरीत असतानाही सहन होत नव्हतं.

---

कुणगेवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, बाबांना नियम 25 वाचून दाखवला, ते लगेच सही करायला तयार झाले. भाऊही प्रतिज्ञापत्र द्यायला येतोय. एक शंका: बंदूक सध्या ठाण्यातच आहे. तरी अर्ज करता येईल ना? आणि गंजलेल्या नळीचं काय करू?

---

जुना_अव्वल_कारकून

अर्ज जरूर करा, बंदूक जमा असल्याने परवाना संपत नाही. फक्त परवान्याची मुदत बघून घ्या, नूतनीकरण राहिलं असेल तर आधी ते. वहीच्या पानावरच्या पावतीची झेरॉक्स जोडा आणि ठाण्याला लेखी विचारा की जमा कोणत्या आदेशाने केली, त्याचा क्रमांक आणि तारीख द्या. परत घेताना तिथेच नळी तपासा. गंज असेल तर तसं लिहूनच ताबा पावतीवर सही करा. दुरुस्ती गावातल्या लोहाराकडे करू नका, परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच द्या. आणि तो नळी तपासून देईपर्यंत त्या बंदुकीतून एकही बार काढू नका, गंजलेली नळी फुटते.