बाबांच्या भजनाच्या कॅसेटी डिजिटल करून आणल्या, पण आवाज बाबांचा वाटत नाही. काय करू?

पाणंद

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, पण कोणाला यातलं कळत असेल तर प्लीज वाचा आणि सांगा.

आमचं गाव कुडाळजवळ. बाबा भजनीबुवा होते. दिवसा शाळेत शिपायाची नोकरी आणि रात्री पेटी घेऊन कुठे ना कुठे डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना. १९८८ ते १९९६ या काळातल्या त्यांच्या बारा कॅसेटी घरात आहेत, सगळ्या ९० मिनिटांच्या. देवळात खांबाला टेकून टेपरेकॉर्डर ठेवायचा, रेकॉर्डचं बटण दाबायचं आणि ४५ मिनिटांनी खट्ट झालं की कॅसेट उलटायची, हे काम माझं. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची, कधीकधी मला झोप लागायची आणि म्हणून दोन-तीन गजर अर्ध्यातच तुटलेत, त्याचं मला आजही वाईट वाटतं. बाबा जाऊन तीन वर्षं झाली.

यंदा गणपतीला गेले तेव्हा आई म्हणाली, घेऊन जा, इथे पावसात बुरशी येईल. कोकणकन्याने परत आले, रात्रभर झोप नाही कारण सकाळी साडेनऊला ऑफिसची मीटिंग होती आणि प्रेझेंटेशन बर्थवर बसून पूर्ण करत होते. पहाटे ठाण्याला उतरले, रिक्षात बसले, घरी आले, आणि कॅसेटींची पिशवी खालच्या बर्थखालीच राहिली! हातपाय गार पडले अक्षरशः. १३९ ला फोन केला, पीएनआर, डबा, बर्थ सगळं सांगितलं, मीटिंग सोडून सीएसएमटीला धावले आणि देवाच्या कृपेने पिशवी आरपीएफवाल्यांकडे जमा झाली होती. त्या जवानाचे आभार किती मानू असं झालं मला.

त्या धास्तीने दुसऱ्याच दिवशी घराजवळच्या एका दुकानात सगळ्या कॅसेटी देऊन टाकल्या. आठवड्याने पेनड्राइव्ह मिळाला. "एकदम क्लीन करून दिलंय मॅडम" म्हणाला. हेडफोन लावून ऐकलं आणि मला रडूच आलं. आवाज बारीक, घाईघाईत गायल्यासारखा. झांज तर गायबच, नुसतं पाण्याखालून ऐकू आल्यासारखं. हा माझ्या बाबांचा आवाज नाही. की माझ्याच आठवणीत काही गडबड झालीये? असं होतं का हो? कॅसेटी परत आणल्यात, शाबूत आहेत. आता पुढे काय करू?

टेपडेक_डोंबिवली

ताई, आधी एक श्वास घ्या. मूळ कॅसेटी हातात आहेत ना, मग काहीही गेलेलं नाही. आणि तुमच्या आठवणीत बिलकुल गडबड नाही, कान बरोबर सांगतोय.

तुम्ही दोन तक्रारी लिहिल्यात, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झांज गायब होणं आणि पाण्याखालचा आवाज, हे नॉइज रिडक्शनचं, म्हणजे मागचा आवाज पुसणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम. कॅसेटची सुसू (मागे सतत येणारा सूं आवाज) आणि झांजेचा झणत्कार दोन्ही वरच्या पट्ट्यात असतात, सॉफ्टवेअरला त्यातला फरक कळत नाही, ते सुसू पुसायला जातं आणि झांज, चकी, पखवाजाची शाईवरची थाप सगळं पुसून टाकतं. त्यातून एमपीथ्री करून दिलं असणार म्हणजे आणखी थोडं गेलं. त्या फाइल दुरुस्त होणार नाहीत, परत कॅसेटवरूनच करायला लागेल. शिवाय डेकचं, म्हणजे कॅसेट वाजवायच्या मशीनचं, हेड (टेप वाचणारा भाग) एक केसभर जरी तिरकं असेल तरी झांज बोथट होते. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, कॅसेट चालू ठेवून तो अगदी हळू फिरवायचा, जिथे झांज सगळ्यात चकचकीत वाजते तिथे थांबायचं. प्रत्येक कॅसेटला वेगळं करावं लागतं. फिरवायच्या आधी स्क्रूची मूळ जागा मार्करने खूण करून ठेवा!!

आवाज बारीक आणि घाईत, हा स्पीडचा प्रश्न. एक सांगा, ज्या बाजू शेवटपर्यंत भरलेल्या आहेत त्यांच्या फाइल किती मिनिटांच्या आहेत? ४५-४६ असतील तर दुकानातला डेक बरोबर फिरत होता आणि मूळ रेकॉर्डिंगच हळू झालंय. ४२ च्या आसपास असतील तर दुकानाचाच डेक जोरात पळत होता. आणि देवळात टेपरेकॉर्डर वायरवर असायचा की सेलवर?

मस्कतकर

मला तांत्रिक काही कळत नाही पण ते रेल्वेचं वाचून पोटात गोळा आला, कारण माझी पिशवी परत मिळाली नाही.

२०१९ साली सुट्टीला गावी गेलो होतो (आमचं गाव चिपळूणच्या बाजूला), आई जात्यावरच्या ओव्या म्हणायची, जातं आता कोण वापरतं, पण मी हट्टाने माळ्यावरून खाली काढायला लावलं आणि तीन आठवडे रोज सकाळी थोडं थोडं मोबाइलवर रेकॉर्ड केलं, चाळीसेक ओव्या झाल्या असतील. परत मस्कतला जाताना विमानतळावर उतरलो आणि मोबाइल टॅक्सीच्या सीटवर राहिला. लगेच दुसऱ्याच्या फोनवरून रिंग दिली तर बंद. मी निश्चिंत होतो की बॅकअप आपोआप होतोय, पण सेटिंग होतं फक्त वायफायवर आणि गावात आमच्याकडे वायफाय कुठे. फोटो, ओव्या, तीन आठवड्यांचं काहीच वर चढलं नव्हतं. बहिणीला सहज म्हणून एक ओवी व्हॉट्सॅपवर पाठवली होती, ४० सेकंदांची, तेवढीच आहे आज. आई २०२१ ला गेली. इथे साइटवर कामाला जाताना बसमध्ये ती ४० सेकंद ऐकतो.

म्हणून ताई हात जोडून सांगतो, चांगलं काम जेव्हा होईल तेव्हा होवो, ते दुकानवाल्याचं वाईट काम सुद्धा डिलीट करू नका आणि आजच्या आज त्याची एक कॉपी दुसऱ्या गावातल्या माणसाकडे ठेवा, एकाच घरात तीन पेनड्राइव्ह ठेवून उपयोग नाही. आणि बॅकअपचं सेटिंग स्वतः उघडून बघा, त्यात शेवटची तारीख काय दिसते ती बघा.

पेटीमास्तर

पाणंद ताई, मी चाळीस वर्षं पेटी वाजवतोय, सावंतवाडीकडे शिकवतो पण. तुमच्या बाबांची पट्टी, म्हणजे गायचा मूळ सूर, कुठली होती ते आठवतं का? बुवा माणूस आपली पट्टी सहसा सोडत नाही, त्यातून पेटी तर खोटं बोलतच नाही. समजा ते काळी एकमध्ये गायचे आणि फाइलमधली पेटी तिच्या लगेच वरच्या पांढरी दोनला लागतेय, म्हणजे अर्धा स्वर वर चढलाय, म्हणजेच साधारण सहा टक्के जास्त वेग. सहा टक्क्यांनी माणसाच्या गळ्याचा पोतच बदलतो, म्हणून तुम्हाला परका वाटतोय. पट्टी माहीत नसेल तर त्यांच्याबरोबरचे पखवाजी कोणी हयात असतील तर त्यांना विचारा, पखवाज त्याच पट्टीला लावलेला असतो, त्यांना हमखास माहीत असणार.

वरच्या डोंबिवलीकरांनी सेलचं विचारलंय तो मुद्दा फार महत्त्वाचा आहे. आमच्याकडे पण त्या काळात सप्त्याला लाइट जायचीच. मोठे सेल घालायचो आणि रात्रभरात ते उतरायचे. सेल उतरत गेला की टेप हळू ओढली जाते, आणि हळू भरलेली टेप नंतर नीट वेगाने वाजवली की जलद वाजते. म्हणजे बाजूच्या सुरुवातीला पट्टी ठीक असेल आणि शेवटी शेवटी चढत गेलेली दिसेल. ऐकून बघा.

टेपडेक_डोंबिवली

मास्तर अगदी बरोब्बर. तसं असेल तर अख्ख्या फाइलला एकच आकडा लावून चालणार नाही. ऑडॅसिटी फुकट आहे, त्यात टाइम ट्रॅक म्हणून सोय आहे, त्यावर वेगाची रेघ हळूहळू खाली आणता येते. सरसकट बदलायचं असेल तिथे चेंज स्पीड वापरा, चेंज पिच नको, पिचवाला नुसता स्वर खाली आणतो आणि लय तशीच पळत राहते, पखवाज लगेच चुगली करतो. ज्या बाजू वायरवर रेकॉर्ड झाल्यात त्यात विजेची घूं बारीक ऐकू येते, आपल्याकडे ती ५० हर्ट्झची, स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या हर्ट्झला किती आवाज ते दाखवणाऱ्या आलेखात) ती ५३ ला दिसली की समजायचं सहा टक्के. पेटी आणि घूं दोन्ही जुळले तर मग शंका नको.

सेव्ह करताना वेव्ह फाइल करा, मिनिटाला १० एमबी लागतात, तुमचे सगळे मिळून १८ तास म्हणजे ११ जीबीच्या आसपास, आजकाल ते काहीच नाही. आणि मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, सगळी काटछाट कॉपीवर. ताई माझ्याकडे दोन डेक आहेत, एकाचा बेल्ट नुकताच बदललाय, ठाणे-डोंबिवली काय लांब नाही, घेऊन जा.

पाणंद

तीन आठवडे गायब होते, सॉरी. ऑफिसात रिलीज होतं, रात्री अकरा अकरापर्यंत कॉल. पण डोंबिवलीहून डेक त्याच रविवारी आणला आणि काय सांगू तुम्हाला.

फाइल ४६ मिनिटांच्या निघाल्या. म्हणजे दुकानाचा डेक ठीक होता, आमचा रेकॉर्डरच हळू चालत होता. सेलवरच असायचा, आता आठवलं, सेल आदल्या दिवशी उन्हात ठेवायचं काम पण माझंच होतं. बाबांचे पखवाजी काका ऐंशीच्या घरात आहेत, त्यांना फोन लावला आणि दुकानवाली फाइल स्पीकरवर ऐकवली. दोन मिनिटं शांत होते, मग म्हणाले, "ह्यो तुझ्या बापाशीचो आवाज न्हय गो, पट्टी चढली हा." मी विचारायच्या आधीच! बाबांची काळी एक, त्यांनी लगेच सांगितलं. मास्तर, तुम्ही उदाहरण म्हणून लिहिलेलं तेच निघालं. बाजूच्या सुरुवातीला किंचित वर, आणि शेवटच्या गजराला पूर्ण पांढरी दोन.

चार कॅसेटी झाल्या. स्क्रू फिरवताना हात थरथरत होता पण झांज एका जागी अशी उघडली की पडदा बाजूला केल्यासारखं. सुसू आहे, देवळाच्या पत्र्यावरचा पाऊस आहे, मागे कोणीतरी खोकतंय, काहीही काढलेलं नाही. वेग उतरवला आणि बाबा आले. तोच भरदार गळा, ओळीच्या शेवटी श्वास घ्यायची तीच सवय.

अजून एक. दुकानवाल्याने दोन अभंगांच्या मधलं बोलणं सगळं कापून टाकलं होतं, रिकामी जागा समजून. मूळ कॅसेटवर ते आहे. तिसऱ्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला रूपावली हा भजनातला भाग संपल्यावर पेटीचा भाता सोडल्याचा आवाज येतो आणि बाबा हळूच विचारतात, "बाय, टेप चालू हा मां?" आणि माझा आवाज, "हा." बस एवढंच. मी ते विसरूनच गेले होते.

मस्कतकर दादा, तुमचं वाचून त्याच रात्री एक कॉपी नाशिकला नणंदेकडे पाठवली, आणि गावाला भावाकडे हार्डडिस्क दिली. तुमच्या बहिणीच्या जुन्या फोनमध्ये अजून काही आहे का ते एकदा बघाल का? तेव्हाचा फोन कपाटात पडला असेल तर चार्ज करून बघा.

मास्तर, सहाव्या कॅसेटला पेटी काळी एक पण नाही आणि पांढरी दोन पण नाही, मधेच कुठेतरी आहे आणि तिथे समोरच्या बुवांची पण पेटी येते, ती वेगळ्याच पट्टीत. दोघांचा वेग एकाच आकड्याने बसेल ना?

पेटीमास्तर

बसायलाच हवा, टेप एकच आहे. तुमच्या बाबांची पेटी काळी एकला आणा, समोरची आपोआप तिच्या जागी जाईल. ती कुठल्या पट्टीत लागते ते मला कळवा, त्या काळातले बुवा मी ऐकलेत, कोण होते ते कदाचित सांगू शकेन.

मस्कतकर

ताई, बहिणीला फोन केला आत्ता. जुना फोन आहे म्हणाली, स्क्रीन फुटलाय, चार्जर शोधतेय.

टेपडेक_डोंबिवली

डेक दिवाळीपर्यंत ठेवा निवांत. फक्त दर चार-पाच बाजूंनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड आणि रबराचा रोलर पुसा, कानकाडीने, हलक्या हाताने. आणि पुढची कॅसेट लावायच्या आधी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या, इतक्या वर्षांनी थर एकमेकांना चिकटलेले असतात.