आपसूक काहीच सुटलं नाही

दुसऱ्या महायुद्धात युरोप खचला म्हणून वसाहती आपसूक सुटल्या, असं एकांनी लिहिलंय. मला हे पटत नाही. खचलेले डच आणि फ्रेंच युद्ध संपताच सैन्य घेऊन परत गेलेच की! इंडोनेशियाने १७ ऑगस्ट १९४५ला स्वातंत्र्य जाहीर केलं, डचांनी ते मान्य केलं डिसेंबर १९४९मध्ये. अल्जीरिया १९५४ ते १९६२ लढत होता. पोर्तुगालने तर अंगोला, मोझांबिक १९७५पर्यंत सोडले नाहीत.

एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. १९४५च्या अखेरीस सुराबायात इंडोनेशियन तरुणांवर ब्रिटिशांनी जे सैन्य घातलं, त्यात मोठा भरणा भारतीय जवानांचा होता. फेब्रुवारी १९४६मध्ये मुंबईत नाविकांनी बंड केलं, तेव्हा आझाद हिंद सेनेच्या कैद्यांच्या सुटकेबरोबर इंडोनेशियातून भारतीय सैन्य मागे घ्या, हीही त्यांची मागणी होती. स्वतः पारतंत्र्यात असलेली पोरं दुसऱ्या देशासाठी भांडत होती! मला याचा फार अभिमान वाटतो.

आणि आम्हा ठाणेकरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचं ते कारागृह. मुळात पोर्तुगीजांचा किल्ला, १७३७मध्ये मराठ्यांनी जिंकला, पुढे इंग्रजांनी घेतला. तिथेच १९ एप्रिल १९१०ला नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले. कान्हेरे जेमतेम अठरा वर्षांचे होते. हे सगळं तुमच्या त्या महायुद्धाच्या कितीतरी आधीचं आहे.